चौकटीतले विमान

१७ डिसेंबर १९०३ रोजी अमेरिकेत किल डेव्हिल हिल्स येथे घेतलेले छायाचित्र उडत्या विमानाच्या छायाचित्रणाच्या मुळाशी आहे. ऑर्व्हिल राईटने तिवईवरचा कॅमेरा उड्डाणाच्या रुळाच्या टोकाकडे रोखून ठेवला आणि स्वतः विमानावर चढताना शटरचे काम मदतीला आलेल्या जॉन डॅनियल्सवर सोपवले. चौकट आधी ठरली, विमान तिच्यात नंतर आले. काचफलकावर रूळ उमटला, उजवीकडे उभा त्याचा भाऊ विल्बर उमटला आणि जमिनीपासून जेमतेम दोन फूट उचललेले विमानही. नुसत्या विमानाभोवती कात्री फिरवली, तर ते जमीन सोडून गेल्याचा पुरावाच कापला जातो.

पुढे विमानासोबत कॅमेरा फिरवण्याची, म्हणजे पॅन करण्याची, रीत रुळली. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा टपाल घेऊन कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला उतरले, ते पुस मॉथ या पंख्याच्या विमानाने. पॅन करताना अशा विमानाला शटर फार वेगवान ठेवले, तर पाती गोठतात आणि विमान आकाशात टांगल्यासारखे दिसते. १/१२५ सेकंदाच्या आसपास पाती फिरती दिसतात, पण हात स्थिर लागतो. १९६० मध्ये एअर इंडियाकडे बोइंग ७०७ आले. जेटला बाहेर पाती नसतात, म्हणून तिथे १/१००० सेकंदही चालते.

नाकासमोर शेपटीमागच्यापेक्षा जास्त मोकळे आकाश सोडावे आणि पंखाचे टोक चौकटीच्या कडेने छाटले जाऊ नये, हे संकेत टिकून आहेत. उडत्या विमानाभोवती अचूक चौकट क्षणात बसत नाही, म्हणून थोडे सैल टिपून नंतर कडा कापतात, म्हणजे क्रॉप करतात. अंधारखोलीत हे काम एन्लार्जरखाली होई आणि फार मोठे केले की फिल्मचे कण दिसू लागत. डिजिटल चित्रात ६००० × ४००० बिंदूंच्या दोन्ही बाजू निम्म्या केल्या, तर २ कोटी ४० लाखांतले ६० लाखच बिंदू उरतात. धावपट्टीवर तापलेल्या हवेची थरथरही विमानाबरोबर मोठी होते.

चौकटीतून किती कापायचे, हा प्रश्न रायगड जिल्ह्यात पनवेलजवळ नव्याने आला. ११ ऑक्टोबर २०२४ रोजी हवाई दलाचे सी-२९५ विमान नवी मुंबई विमानतळावर उतरले. प्रवासी उड्डाणे २५ डिसेंबर २०२५ पासून सुरू झाली. या विमानतळासाठी उलव्याची टेकडी कापली गेली, नदीचे पात्र वळवले गेले. धावपट्टी आणि मागचे डोंगर चौकटीत राहिले तरच ते छायाचित्र पनवेलचे ठरते. नुसते सी-२९५ वडोदऱ्यासारख्या दुसऱ्या ठिकाणचेही असू शकते.