रुळांवरचा पंखा

जळगाव स्थानकावरून न थांबणारी गाडी गेली की फलाटावरचा पाचोळा तिच्यामागे धावतो. गाडी हवेला आपल्याबरोबर ओढत नेते. उलट, हवेलाच मागे लोटून गाडी पळवली तर?

जर्मन अभियंता फ्रान्झ क्रुकेनबर्ग यांनी नेमके हेच केले. त्यांच्या हलक्या, निमुळत्या डब्याच्या मागच्या टोकाला विमानाचे इंजिन आणि लाकडी पंखा होता. २१ जून १९३१ रोजी हॅम्बुर्ग-बर्लिन मार्गावर या डब्याने ताशी २३० किलोमीटर वेग गाठला. रुळांवरचा हा विक्रम १९५४ पर्यंत टिकला.

तरीही असा डबा एकच बनला. मागे पंखा असल्याने आणखी डबे जोडता येईनात आणि गर्दीच्या फलाटाशी उघडा फिरता पंखा धोक्याचा. १९३९ मध्ये तो मोडीत निघाला. चाळीसगाव-धुळे गाडीत स्थानकास्थानकावर होणारी चढउतार आठवली, की रेल्वे म्हणजे नुसता वेग नव्हे हे पटते. हलकी बांधणी व निमुळता आकार मात्र पुढच्या वेगवान गाड्यांनी उचलला.

वर्गात खेळण्यातल्या गाडीवर फुगवलेला फुगा बांधून त्याचे तोंड मोकळे सोडावे. गाडी पळाली, की मुलांना विचारावे : आता हिला डबे कुठे जोडाल?