नाव ठाऊक नसलेले पुस्तक

ग्रंथपाल वाचकाला पुढचे पुस्तक कसे शोधून देतो, या विषयावर बोलायला कामगार चळवळीतला माणूस कशाला, असे आपल्यापैकी काहींच्या मनात आले असेल. माझे शाळेतले शिक्षण दहावीला थांबले. पुढचे जे काही झाले ते वाचनालयांच्या जिवावर. तेव्हा माझा अधिकार एवढाच की, मी खिडकीच्या अलीकडे उभा राहिलेला माणूस आहे.

१९८९ साली मी एका कारखान्यात हेल्पर होतो. पगारातून अनामत भरून एका वाचनालयाचा सभासद झालो. खिडकीवर चिठ्ठी मिळाली. तीवर तीन रकाने: ग्रंथाचे नाव, ग्रंथकर्ता, दाखल क्रमांक. मला पुस्तक हवे होते. पण कोणते, ते ठाऊक नव्हते. मागे रांग वाढली. "नाव सांगा, नाव," असे आतून दोनदा विचारून झाले. मी चिठ्ठी खिशात घातली आणि बाहेर पडलो. पुढे दोन वर्षे त्या पायऱ्या चढलो नाही. पुष्कळ दिवस मला वाटे की, अडाणीपणा माझा. ग्रंथालयांचा इतिहास हाती आला तेव्हा कळले की, हा प्रसंग माझ्या एकट्याचा नव्हे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडातील सार्वजनिक ग्रंथालयांत वाचकाला सहसा कपाटापर्यंत जाऊ देत नसत. दर्शनी भागी 'इंडिकेटर' नावाचा मोठा फळा असे. त्यावर हजारो आकडे. एक रंग दिसला तर पुस्तक आत, दुसरा दिसला तर बाहेर. छापील यादीतून क्रमांक काढा, फळ्यावर शोधा, मग खिडकीवर मागा. लंडनच्या क्लार्कनवेल भागात, जिथे घड्याळे करणाऱ्या कारागिरांची मोठी वस्ती होती, तिथल्या जेम्स डफ ब्राऊन या ग्रंथपालाने १८९४ मध्ये ही पद्धत मोडली आणि वाचकाला सरळ कपाटांमध्ये सोडले. पुस्तके चोरीला जातील, जागच्या जागी राहणार नाहीत, असा गिल्ला व्यवसायबंधूंनीच केला. कामगाराला हजेरीपुस्तक दाखवायचे म्हटले की आमच्याकडे असाच गिल्ला होतो, ते असो.

पण कपाटे उघडली म्हणजे काम भागले का? हजार पाठींसमोर उभा असलेला नवखा माणूस खिडकीपुढच्या माणसाइतकाच गोंधळतो. यावरचा विचार ब्राऊनच्या अठरा वर्षे आधी अमेरिकेत मांडला गेला होता. मॅसॅच्युसेट्स राज्यातील वुस्टर हे तारेच्या आणि यंत्रांच्या कारखान्यांचे गाव. तिथे सॅम्युएल ग्रीन १८७१ पासून ग्रंथपाल होता. रविवारी वाचनालय उघडे ठेवण्याची सोय तिथे पुढच्याच वर्षी झाली. आठवड्यातले सहा दिवस यंत्रापाशी राबणाऱ्याला या एका गोष्टीचे मोल काय, ते मी सांगायला नको. १८७६ मध्ये फिलाडेल्फियाला अमेरिकेतल्या ग्रंथपालांची परिषद भरली, त्यांची संघटना तिथेच जन्मली; आणि त्या परिषदेत ग्रीनने ग्रंथपाल आणि वाचक यांच्या प्रत्यक्ष ओळखीविषयी निबंध वाचला. त्याचे म्हणणे साधे होते. विचारायला आलेल्याला यादीकडे बोट दाखवून वाटेला लावू नये. जागेवरून उठावे, त्याला नेमके काय हवे ते त्याच्याच बोलण्यातून काढून घ्यावे आणि पुस्तक हाती द्यावे. गिऱ्हाईक रिकाम्या हाताने गेले की दुकानदाराला जसे लागते, तसे ग्रंथपालाला लागले पाहिजे, असा दाखला त्याने दिला. आणखी एक पथ्य त्याने सांगितले: राजकारण, धर्म यांतली आपली मते वाचकाच्या गळ्यात बांधू नयेत. या पथ्याकडे मला पुन्हा यायचे आहे.

आपल्याकडे सयाजीराव गायकवाडांनी १९१० मध्ये अमेरिकेहून बोर्डन यांना बडोद्याला आणले आणि संस्थानात वाचनालयांचे जाळे विणले. फिरत्या पेट्यांतून पुस्तके खेड्यांत गेली. काम थोर खरेच. पण पेटी वाचकाच्या दारी जाते, त्याला प्रश्न विचारीत नाही. ते माणसानेच करायचे असते. हे रंगनाथनांनी ओळखले. गणिताचे हे प्राध्यापक १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले, आणि थोड्याच दिवसांत कंटाळून परत शिकवायला जायला निघाले! त्यांना इंग्लंडला धाडले. तिथली ग्रंथालये पाहून ते वेगळेच माणूस होऊन परतले. मद्रासला कपाटे उघडी केली. १९३१ च्या आपल्या पंचसूत्रांत त्यांनी प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ मिळावा असे तर म्हटलेच, पण प्रत्येक ग्रंथालाही त्याचा वाचक मिळावा असे म्हटले. हे दुसरे सूत्र मला अधिक आवडते. ते अमलात आणायचे तर ग्रंथपालाला उठून कपाटापर्यंत चालावेच लागते. त्याला पगार किती मिळतो हे बोलू लागलो तर आजच्या सभेचा विषय बदलेल.

१९९१ मध्ये मला असा एक ग्रंथपाल भेटला. वाचनालय दुसरे, गल्लीतले, लहान. त्याने नाव विचारले नाही. "यापूर्वीचं कोणतं मन लावून वाचलंत?" असे विचारले. मी ओशाळून बाबुराव अर्नाळकर म्हणालो. तो हसला नाही. "त्यात काय आवडतं? गुन्हेगार सापडतो ते, की पाठलाग?" मी म्हटले, पाठलाग. तो टेबलामागून उठला, आणि त्याने एक शिकारीचे व एक हिमालयातल्या प्रवासाचे अशी दोन पुस्तके माझ्या हातात ठेवली. "दोन्ही न्या. रुचेल ते वाचा, दुसरं परवा आणून द्या." मी दोन्ही वाचली.

आता ते पथ्य. पुढे आमच्या युनियनच्या कचेरीत आम्ही पुस्तकांचे कपाट केले आणि किल्ली माझ्याकडे आली. एका संध्याकाळी एक तरुण वाइंडर आला. मोटारी बांधण्याविषयी मराठीत काही आहे का, असे त्याने चाचरत विचारले. मी विचारलेले ऐकले, पण मनावर घेतले नाही. मजुरी आणि नफा यांवरचे एक जाड पुस्तक त्याच्या हाती दिले, वर दहा मिनिटे व्याख्यान दिले. आठवड्याने त्याने पुस्तक परत आणले, माझ्या टेबलावर ठेवले आणि तो गेला. पुन्हा कपाटाकडे फिरकला नाही. ते पुस्तक अजून कपाटात आहे. त्याच्या कार्डावर त्याचे एकट्याचे नाव आहे.