उभ्या मोटारीतील उष्णतावाढ

उभ्या मोटारीतील उष्णतावाढ म्हणजे उन्हात बंद करून ठेवलेल्या मोटारीच्या आतील हवा व पृष्ठभाग बाहेरील हवेपेक्षा बरेच अधिक तापण्याची प्रक्रिया होय. सावली, काचेवरील आवरण, वायुवीजन इत्यादी उपायांनी ही वाढ कमी करता येते. मात्र यांपैकी कोणत्याही उपायाने बंद मोटार लहान मुलांसाठी किंवा पाळीव प्राण्यांसाठी सुरक्षित होत नाही.

कारणे

सूर्यप्रकाश काचांमधून सहज आत शिरतो आणि डॅशबोर्ड, आसने व स्टिअरिंग यांच्या गडद पृष्ठभागांत शोषला जातो. त्यांच्या संपर्काने आतील हवा तापते. या पृष्ठभागांतून निघणारे दीर्घ तरंगलांबीचे अवरक्त किरण काच अडवते, म्हणून या क्रियेला हरितगृह परिणाम म्हणण्याचा प्रघात आहे. खरा मोठा वाटा मात्र कोंडलेल्या हवेचा असतो. अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट वूड यांनी १९०९ मध्ये एका पेटीला काचेचे आणि दुसरीला अवरक्त किरण आरपार जाऊ देणाऱ्या खनिज मिठाचे झाकण लावून दोन्ही उन्हात ठेवल्या. त्यांच्या तापमानांत जेमतेम फरक आढळला.

वाढीचा वेग

२००५ मध्ये 'पीडियाट्रिक्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन अभ्यासानुसार एका तासात मोटारीतील तापमान सरासरी सुमारे २२ अंश सेल्सियसने वाढते आणि यातील सुमारे ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच होते. काचा बोटभर उघड्या ठेवल्याने या वेगात लक्षणीय फरक पडला नाही. ही समजूत आपल्याकडेही रूढ असल्याने हा निष्कर्ष विशेष महत्त्वाचा ठरतो.

उपाय

सर्वांत परिणामकारक उपाय सावलीचा. ॲरिझोनातील टेम्पी येथील मोजमापांत (२०१८) उन्हातील मोटारीची हवा तासाभरात सरासरी ४७ अंशांवर व डॅशबोर्ड ६९ अंशांवर गेला. सावलीतील मोटारीत हेच आकडे ३८ व ४८ होते. दुपारनंतर सावली पूर्वेकडे सरकते, हे ध्यानात घेऊन जागा निवडावी लागते. महाराष्ट्रात मे महिन्यात मध्यान्हीचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असल्याने इमारतीची सावली त्या वेळी फारशी मिळत नाही. दाट झाडच उपयोगी पडते.

पुढील काचेमागे परावर्तक पडदा लावल्यास डॅशबोर्ड व स्टिअरिंग कमी तापतात. गडद मोटारींपेक्षा फिकट रंगाच्या मोटारी काही अंशांनी थंड राहतात. काचांवर गडद फिल्म चिकटवण्यावर कायद्याचे बंधन आहे: केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार पुढील व मागील काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के प्रकाश पार जावा लागतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये काळ्या फिल्म लावण्यास मनाई केली.

तापलेल्या मोटारीत बसण्यापूर्वी सर्व दारे उघडून गरम हवा जाऊ द्यावी. काचा खाली ठेवून थोडे अंतर चालवल्यावर वातानुकूलन सुरू केल्यास आतील हवा लवकर थंड होते.

धोका

लहान मुलांचे शरीर प्रौढांपेक्षा वेगाने तापते. मुले विसरून आत राहतात तशीच कुलूप नसलेल्या मोटारीत खेळताना स्वतःहूनही अडकतात. जून २०२३ मध्ये नागपूरच्या पाचपावली परिसरात बेपत्ता झालेली तीन मुले उभ्या असलेल्या बंद मोटारीत मृतावस्थेत आढळली होती.