रेडिओ ऐकून गाव बदलते का? १९५६ सालचा एक विस्मृत प्रयोग

१/ इगतपुरीचा थळ घाट १८६५ मध्ये रेल्वेने सर केला आणि मुंबईची बातमी काही तासांत नाशिक जिल्ह्यात येऊ लागली. पण स्टेशनापासून चार कोस आतल्या भातशेतीच्या गावाला त्याचा उपयोग थोडाच. तिथवर पोहोचण्याचे सामर्थ्य पुढे रेडिओत आले. मात्र आवाज पोहोचला म्हणजे विचारही पोहोचतो का? हा प्रश्न १९५६ मध्ये याच जिल्ह्यासह महाराष्ट्रातील पाच जिल्ह्यांत शास्त्रीय रीतीने तपासला गेला. आजचा धागा त्या प्रयोगाविषयी.

२/ प्रथम पार्श्वभूमी. त्या काळी प्रसारणासाठी स्वतंत्र नियामक संस्था नव्हती. १८८५ चा तार कायदा आणि १९३३ चा बिनतारी तार कायदा यांच्या आधारे सर्व सूत्रे शासनाकडे होती. घरात रेडिओ ठेवायचा तर परवाना काढावा लागे. आकाशवाणी माहिती व प्रसारण मंत्रालयाच्या अधीन होती. म्हणजे नियम करणारा आणि कार्यक्रम करणारा एकच. अशा व्यवस्थेत ‘आमचे कार्यक्रम उत्तमच आहेत’ असे मानून चालणे सोपे असते.

३/ आकाशवाणीचे पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झाले. ग्रामीण श्रोत्यांसाठी कार्यक्रम होत होते, अनेक गावांत सामुदायिक रेडिओ संचही बसवले होते. चावडीवर माणसे जमत, ऐकत आणि घरी जात. त्यातून शेतात किंवा गावाच्या कारभारात काय बदलत होते, हे मात्र कोणी मोजलेले नव्हते.

४/ कॅनडात १९४१ पासून एक वेगळी पद्धत रुजली होती. शेतकऱ्यांचे छोटे गट एकत्र बसून कार्यक्रम ऐकत, लगेच त्यावर चर्चा करत आणि जमेल ते कृतीत आणत. ही पद्धत भारतीय खेड्यात चालेल का, हे पाहण्यासाठी युनेस्कोच्या साहाय्याने आकाशवाणीने पुण्याहून प्रयोग करायचे ठरवले. त्या वेळी आकाशवाणीचे महासंचालक होते जगदीशचंद्र माथुर. सनदी अधिकारी आणि हिंदीतील नामवंत नाटककार.

५/ पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतील सुमारे १५० गावे निवडली गेली. फेब्रुवारी ते एप्रिल १९५६ या काळात आठवड्यातून दोनदा, अर्ध्या तासाचे, एकूण २० कार्यक्रम प्रसारित झाले. प्रत्येक गावात एक श्रोतेमंडळ होते. ऐकून झाले की चर्चा होई, तिचा अहवाल आणि शंका पुण्याला जात, आणि पुढे त्यांची उत्तरे रेडिओवरूनच मिळत. एकतर्फी आवाजाला प्रथमच परतीची वाट मिळाली.

६/ मूल्यमापनाचे काम आकाशवाणीने स्वतःकडे ठेवले नाही. ते मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेकडे गेले आणि त्याची धुरा समाजशास्त्रज्ञ पॉल न्यूराथ यांनी वाहिली. व्हिएन्नात जन्मलेले न्यूराथ नाझींच्या डाखाउ आणि बुखेनवाल्ड छळछावण्यांतून सुटून अमेरिकेत पोहोचले होते.

७/ संशोधनाची मांडणी नीट पाहा, खरी गोम तिच्यात आहे. तुलना तीन प्रकारच्या गावांत झाली: मंडळ असलेली, केवळ रेडिओ असलेली आणि रेडिओही नसलेली. कार्यक्रमांपूर्वी लोकांना प्रश्न विचारले गेले आणि नंतर पुन्हा विचारले गेले. केवळ मंडळाच्या गावांत ज्ञान वाढल्याचे दाखवले असते, तर ‘ते कशानेही वाढले असेल’ अशी शंका उरली असती. उरलेल्या गावांनी ती शंका दूर केली.

८/ निष्कर्ष स्पष्ट होता. मंडळांच्या गावांत माहितीची वाढ लक्षणीय होती. मंडळ नसलेल्या गावांत ती नगण्य. म्हणजे नुसता संच पुरेसा नव्हता. ऐकल्यानंतरची चर्चा निर्णायक होती. शिवाय ही मंडळे केवळ ऐकत राहिली नाहीत, सामूहिक कामांबाबत निर्णयही घेऊ लागली.

९/ या अनुभवावर माथुर आणि न्यूराथ यांचा अहवाल युनेस्कोने १९५९ मध्ये प्रसिद्ध केला. त्याच वर्षी ही योजना देशभर नेण्यास प्रारंभ झाला. पाच मराठी जिल्ह्यांत मिळालेल्या पुराव्याने राष्ट्रीय धोरणाला दिशा दिली.

१०/ पण इतिहास इथे थांबत नाही. प्रयोगात संघटक होते, पाठपुरावा होता, प्रश्नांना उत्तरे मिळत होती. विस्तारात मंडळांची संख्या हजारांवर गेली, मात्र ही सोबत सर्वत्र टिकली नाही. कित्येक मंडळे कागदावर उरली. संशोधनाने ‘चर्चा हवी, पाठपुरावा हवा’ असे सांगितले होते. घाईच्या विस्तारात मोजली गेली ती मंडळांची संख्या.

११/ आज दूरसंचार नियामक प्राधिकरण, म्हणजे ट्राय, आहे. ते १९९७ मध्ये स्थापन झाले आणि २००४ पासून प्रसारणही त्याच्या कक्षेत आले. निर्णयापूर्वी सल्लामसलत पत्र काढून जनतेची मते मागवली जातात. २०१५ मध्ये इंटरनेट समानतेवर लाखो पत्रे आली आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये भेदभावी दरांना मनाई झाली. ही लोकशाहीची मोठी जमेची बाजू. तरीही एक भेद ध्यानात ठेवावा: पत्र तोच लिहितो ज्याला विषय ठाऊक असतो. १९५६ चे संशोधक, ज्यांनी कधी पत्र लिहिले नसते, त्यांच्या दारी गेले होते. चांगल्या नियमनाला दोन्ही लागते.

१२/ त्या वर्षी पंधरा वर्षांचा असलेला मुलगा आता पंच्याऐंशीच्या घरात आहे. नाशिक, नगर, पुणे, सातारा, कोल्हापूर यांपैकी कुठे आपले गाव असेल, तर घरच्या ज्येष्ठांना एकदा विचारा: चावडीवर रेडिओ कुठे ठेवलेला असे, आणि तो बंद झाल्यावर माणसे काय बोलत? अहवालात आकडे आहेत. ते बोलणे मात्र त्यांच्याच आठवणीत आहे, आणि ते टिपून घ्यायला फार वेळ उरलेला नाही.