दुःखाची दोन कारणं : बल्खपासून परभणीपर्यंत

आपल्या मोहल्ल्यात एखादा माणूस बोलेनासा झाला, कामावर जाईनासा झाला की दोन निदानं लगेच होतात. एक, कोणीतरी करणी केली. दुसरं, याचं ईमान कमजोर झालं. हा आजार असेल, ही गोष्ट सगळ्यात शेवटी सुचते. कधी कधी तोपर्यंत उशीर झालेला असतो. हे सगळं दीनच्या नावाने बोललं जातं, म्हणून आपलाच इतिहास काय सांगतो ते पाहायला हवं.

इ.स. 850च्या सुमारास बल्खच्या परिसरात, म्हणजे आजच्या उत्तर अफगाणिस्तानात, अबू जैद अल-बल्खी जन्मले. नकाशे काढणारे भूगोलतज्ज्ञ म्हणून त्यांचं नाव जास्त घेतलं जातं. पण 'मसालिह अल-अबदान वल-अन्फुस' या ग्रंथात त्यांनी शरीराइतकंच मनाच्या तब्येतीवर लिहिलं. हकीम शरीराचा इलाज करतात आणि मनाला विसरतात, ही त्यांची तक्रार होती. दुःखाचे त्यांनी दोन प्रकार केले. एकाचं कारण माहीत असतं : जवळचं माणूस गेलं, माल बुडाला. दुसऱ्याचं कारण दिसत नाही; माणूस विनाकारण झुरतो, कशातच गोडी राहत नाही. या दुसऱ्याचं मूळ त्यांनी शरीरात शोधलं आणि त्यासाठी औषधोपचार सांगितले. पहिल्यासाठी धीर देणारी माणसं आणि विचारांना वळण लावणं हे उपाय सांगितले. घरात औषध जपून ठेवतो तसे चांगले विचार बऱ्या दिवसांत साठवून ठेवा, असा त्यांचा सल्ला होता.

पुढे इब्न सीना यांनी 1025च्या सुमारास पूर्ण झालेल्या 'अल-कानून'मध्ये मालीखोलियाला रोगांमध्ये जागा दिली. कारण सांगितलं 'सौदा', म्हणजे काळं पित्त. उर्दूतला 'सौदाई' हा शब्द तिथूनच आला. पित्ताचा तो सिद्धांत आज टिकत नाही. पण त्यांनी उदासीला रोगांच्या यादीत घातलं, गुनाहांच्या नाही, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. दमिश्क आणि काहिराच्या दवाखान्यांत मनोरुग्णांवरही उपचार होत. आपल्या दख्खनमध्ये कुतुबशाहीने 1595च्या सुमारास हैदराबादेत दारुश्शिफा उभारला. निजामाच्या काळात तर मनोरुग्णालय आपल्या शेजारच्या जालन्यात होतं. पुढे ते हैदराबादला हलवलं गेलं.

हा वारसा आपण कुठे हरवला? 6 ऑगस्ट 2001 रोजी तामिळनाडूतल्या एरवाडी दर्ग्याजवळ एका खासगी आश्रयस्थानाला आग लागली. साखळीने बांधलेले 28 मनोरुग्ण पळू शकले नाहीत, जळून मेले. घरच्यांनी त्यांना बरं होण्याच्या आशेनेच तिथे ठेवलं होतं.

आता परभणीकडे या. इथे पहिल्या प्रकारची कारणं शोधावी लागत नाहीत : पाऊस दगा देतो, कापूस-सोयाबीनचा भाव पडतो, सावकार दारात येतो, पोरीचं लग्न तोंडावर असतं. शेतकरी आत्महत्यांमुळे शासनाने 2015मध्ये मराठवाडा आणि विदर्भातल्या 14 जिल्ह्यांसाठी 'प्रेरणा प्रकल्प' सुरू केला. आशाताईंनी घरोघरी जाऊन मनाची विचारपूस करायची, गरज असेल त्याला समुपदेशनाला पाठवायचं, अशी ती योजना. आजचं वैद्यकशास्त्र बल्खींच्या पुढे जाऊन सांगतं की दोन्ही कारणं एकमेकांत मिसळतात. आनुवंशिकता, बाळंतपण, थायरॉइड, मधुमेह, कर्ज, एकटेपणा. यातलं एक दुसऱ्याला वाढवतं. म्हणून नुसती गोळी पुरत नाही, तसा नुसता उपदेशही पुरत नाही.

हजरत याकूब (अ.) मुलाच्या वियोगात इतके रडले की त्यांच्या डोळ्यांची नजर गेली. ते पैगंबर होते. त्यांचं ईमान कमजोर होतं, असं कोण म्हणेल?

परभणीत हजरत तुराबुल हक यांच्या उरुसाला सगळ्या धर्मांची माणसं मनातलं ओझं घेऊन येतात. त्यांनी जरूर यावं, दुआ मागावी. पण दोन-दोन आठवडे झोप नाही, जेवण नाही, जगण्यात मन नाही, असं दिसलं तर त्या माणसाला सरकारी दवाखान्यातही न्यावं. 14416 या टेलिमानस क्रमांकावर फोन मोफत लागतो, मराठीतही बोलता येतं. दुआ आणि दवा यांत भांडण आपण लावलं. बल्खींच्या ग्रंथात ते नव्हतं.