शांती देण्याच्या रीतीची कुळकथा

मिस्सेत ख्रिस्तप्रसाद घेण्याआधी भाविक शेजाऱ्याकडे वळून त्याला शांती देतात. या रीतीचे मूळ शोधत गेले की एक गोष्ट मला स्पष्ट दिसते: ख्रिस्ती मनःशांती भांडणापासून दूर जाऊन मिळणारी नाही, ती भांडणाच्या मधोमधच शोधायची आहे. पौलाने फिलिप्पैकरांना पत्र लिहिले ते कैदेतून. बुद्धीला न आकळणाऱ्या शांतीचे त्याचे प्रसिद्ध वचन याच पत्रातले. पण त्याच्या अवघ्या पाच वचने आधी तो युवदीया आणि सुंतुखे या मंडळीतल्या दोघींना नावानिशी विनवतो, की एकचित्त व्हा. भिंतीवर लावायला आपण शांतीचे वचन तेवढे उचलतो आणि या दोघींना पत्रातच सोडून देतो.

सन 150 च्या सुमारास रोममध्ये जस्टिनने उपासनेचे वर्णन लिहिले, त्यात प्रार्थना संपल्यावर सगळे एकमेकांचे चुंबन घेतात आणि मगच भाकर आणली जाते. पुढे युरोपात ही रीत बरीचशी धर्मगुरूंपुरती उरली. दक्षिण भारतातल्या चर्चने 1950 च्या उपासनाविधीत सीरियन ख्रिस्ती परंपरेतून हातात हात घेण्याची पद्धत उचलली. 1969 मध्ये रोमने भारतातल्या कॅथलिकांसाठी बारा बदल मान्य केले. त्यांत शांती देताना हात जोडावेत किंवा एकाने आपले हात दुसऱ्याच्या हातांत द्यावेत, अशी मुभा आहे.

यावर गंभीर आक्षेप असा, की अशी शांती सोसणाऱ्यालाच गप्प करते. जातीने पोळलेल्या समाजात तो झटकून टाकता येणार नाही. पण मत्तयाच्या पाचव्या अध्यायातली आज्ञा नीट वाचावी. आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे हे आठवले, तर अर्पण वेदीपाशीच ठेवून आधी त्याच्याकडे जायचे आहे. म्हणजे उठून जायचे ते ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याने. ज्याची तक्रार आहे त्याला ती गिळायला सांगितलेले नाही. म्हणूनच 1969 च्या दोन पर्यायांत मला हातात हात देणे अधिक मोलाचे वाटते. नमस्कार सुंदर आहे, आपला आहे, पण तो अंतर राखूनही करता येतो. आणि ज्या मुलखात स्पर्शाचाच विटाळ मानला गेला, तिथे समेटाला स्पर्शाखेरीज दुसरा पुरावा पुरत नाही.