चौदा ऑगस्टनंतरचं पान

रावेरच्या आमच्या घरात आजोबांची एक जाडजूड वही आहे. केळीच्या नवतीचा भाव, पिलबागेचा भाव, वापसीचे किती गेले, वादळात किती खोडं आडवी झाली, रात्री लाईट किती वाजता आली, असलं सगळं तारीखवार. वहीची शेवटची नोंद कांदेबाग केळीच्या भावाची आणि अकरा वाजता सुरू केलेल्या पाण्याच्या मोटारीची. पुढचं पान कोरं.

वही लिहायची सवय कुठून लागली, असं विचारलं की आजोबा फैजपूरचं नाव घ्यायचे. डिसेंबर १९३६ मध्ये तिथे काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन भरलं. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू, बांबू-तट्ट्यांची सजावट नंदलाल बोस यांची. सावद्याच्या पलीकडेच फैजपूर, तेव्हा आजोबाही वडिलांच्या खांद्यावर बसून गेलेले. त्यांच्या आठवणीत राहिला तो गांधीजींच्या मागे चालणारा एक उंच, गोरा माणूस. सगळे बघत होते आणि हा लिहीत होता, असं ते सांगायचे.

तो माणूस म्हणजे गांधीजींचे सेक्रेटरी महादेव देसाई. १३ नोव्हेंबर १९१७ ला त्यांनी गांधीजींच्या सहवासाची रोजनिशी सुरू केली आणि ती १४ ऑगस्ट १९४२ पर्यंत लिहिली. पंचवीस वर्षं भरायला तीन महिने कमी पडले. गांधीजी कुणाला काय म्हणाले, कुणावर रागावले, काय खाल्लं, कोणत्या पत्राचा मसुदा कितीदा बदलला, ते सगळं त्यात आहे. लघुलिपी न वापरता ते भाषण जवळजवळ शब्दशः उतरवून घेत.

त्या रोजनिशीचं पुढचं पान कोरं का राहिलं, त्याचा हा घटनाक्रम.

८ ऑगस्ट १९४२, रात्र

मुंबई, गवालिया टँक. महायुद्धाचं तिसरं वर्ष सरत आलेलं. फेब्रुवारीत सिंगापूर पडलं, मग ब्रह्मदेश गेला, जपानी फौजा हिंदुस्थानच्या वेशीशी आल्या. अशा वेळी अखिल भारतीय काँग्रेस समितीने 'छोडो भारत'चा ठराव मंजूर केला. गांधीजी आधी हिंदीत बोलले, मग इंग्रजीत. 'करेंगे या मरेंगे' हा मंत्र त्याच रात्रीचा.

सभा आटोपून मंडळी मलबार हिलवरच्या बिर्ला हाऊसमध्ये परतली. सरकार लगेच हात घालणार नाही, आधी व्हाइसरॉयला पत्र लिहू, बोलणी करू, असा गांधीजींचा होरा होता. महादेवभाई पन्नाशीचे. वर्ध्याच्या मगनवाडीतून सेवाग्रामला उन्हातान्हात रोज पायी जा-ये करून आणि रात्री जागून लिहून प्रकृती आधीच खालावलेली. रक्तदाबाचा त्रास जुना.

९ ऑगस्ट, पहाट

उजाडायच्या आत पोलीस दारात. वॉरंट तिघांवर: गांधीजी, महादेव देसाई आणि गांधीजींच्या शिष्या मीराबेन. तयारीला अर्धा तास. गांधीजींनी शेळीचं दूध आणि फळांचा रस घेतला, प्रार्थना झाली आणि ते गाडीत बसले. कस्तुरबा मागे राहिल्या. संध्याकाळी शिवाजी पार्कच्या सभेत गांधीजींच्या जागी त्या बोलणार होत्या, म्हणून त्यांनाही पकडण्यात आलं.

९ ऑगस्ट, दिवसभर

बोरीबंदरहून खास गाडी सुटली. काँग्रेस कार्यकारिणी नगरच्या किल्ल्यात जायची होती. गांधीजी, महादेवभाई, मीराबेन आणि सरोजिनी नायडू यांना चिंचवडला उतरवून मोटारीने येरवड्याच्या आगाखान पॅलेसमध्ये नेलं. प्रशस्त सज्जे, कमानी, हिरवळ आणि भोवती काटेरी तारा. वाडा बांधून झाला १८९२ मध्ये. महादेवभाईंचा जन्मही १ जानेवारी १८९२ चा.

हा भाग त्यांना नवा नव्हता. जवळच्याच येरवडा तुरुंगात १९३२ मध्ये ते गांधीजी आणि वल्लभभाई पटेल यांच्यासोबत होते आणि तिथला एकेक दिवस त्यांनी टिपून ठेवला होता. पुढे त्यांच्या रोजनिशीचा छापून आलेला पहिला खंड त्याच काळाचा निघाला.

१० ते १३ ऑगस्ट

बाहेर देश पेटला होता. आत मात्र सुरुवातीला वर्तमानपत्रंही मिळत नव्हती. ११ तारखेला कस्तुरबा आणि डॉ. सुशीला नायर यांना मुंबईहून इथे आणलं. सुशीलाबेन तेव्हा सत्तावीस वर्षांच्या. वाड्यात औषधपाण्याची जाण असलेलं माणूस त्या एकट्याच.

महादेवभाईंना घोर होता तो उपासाचा. बापू तुरुंगात प्राणांतिक उपोषणाला बसले तर काय, याच चिंतेने ते आतून पोखरले जात होते. बापूंचा उपास कसा चालतो, कितव्या दिवशी काय होतं, हे ज्याने वर्षानुवर्षं लिहून ठेवलं त्याला पुढचं स्पष्ट दिसत असणार. स्वतःच्या काळजाचा हिशेब मात्र त्यांनी कुठेच मांडला नाही.

१४ ऑगस्ट

गांधीजींनी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांना लांबलचक पत्र लिहिलं: सरकारने घाई केली, मी बोलणी करणार होतो, तेवढा वेळ तरी द्यायचा. चोवीस वर्षांत अशी असंख्य पत्रं महादेवभाईंच्या डोळ्यांखालून गेली होती. त्या दिवसाचीही नोंद झाली.

ती शेवटची.

१५ ऑगस्ट, पहाट

शनिवार. पहाटेची प्रार्थना झाली. महादेवभाईंना रात्री झोप चांगली लागली होती. त्यांनी नाश्ता केला आणि बापूंबरोबर बागेत फेऱ्या मारल्या. चेहऱ्यावर काहीच लक्षण नव्हतं. हे आपल्याला कळतं ते गांधीजींनीच नंतर सेवाग्रामला पाठवलेल्या तारेमुळे. तार पैशांची, शब्द मोजून वापरायचे, तरी झोप, नाश्ता आणि फिरणं त्यांनी गाळलं नाही.

सकाळी आठच्या सुमारास

तुरुंग खात्याचे इन्स्पेक्टर जनरल कर्नल भंडारी आले. सरोजिनीबाई, महादेवभाई आणि ते गप्पा मारत बसले. हसण्याचा आवाज बाहेरपर्यंत येत होता. पलीकडे गांधीजी मालिशच्या टेबलावर, सुशीलाबेन मालिश करत होत्या.

बोलता बोलता महादेवभाईंना घेरी आली.

सुशीलाबेनना हाक गेली. त्या धावल्या. नाडी लागेना. इंजेक्शन हवं होतं, हाताशी पुरेसं औषध नव्हतं. सरकारने कैदी आणले होते, पहारा आणला होता, तारांचं कुंपण आणलं होतं. हृदय बंद पडायला लागल्यावर लागणारी सुई कुणाच्या यादीत नव्हती.

गांधीजी आले. "महादेव! महादेव!" अशा हाका मारत राहिले. एरवी त्यांच्या पहिल्या हाकेला उठणारा माणूस उठला नाही. नुसते डोळे उघडून त्याने माझ्याकडे बघितलं असतं तर तो उठून बसला असता, असं ते नंतर म्हणत.

नऊ वाजायच्या आत सगळं संपलं. अटकेला जेमतेम सहा दिवस झाले होते.

दुपार

गांधीजींनी सुशीलाबेनसह मृतदेहाला आंघोळ घातली. फुलं वाहिली, उदबत्ती लावली, दोघं गीता म्हणत बसले. त्याच गीतेवर महादेवभाईंनी आधीच्या एका तुरुंगवासात मोठं काम करून ठेवलं होतं, ते त्यांच्या मागे १९४६ मध्ये छापलं गेलं. देह बाहेर न्यायला सरकार राजी नव्हतं. पत्नी दुर्गाबेन, सतरा वर्षांचा मुलगा नारायण, कुणालाही शेवटचं दर्शन नाही. वाड्याच्याच आवारात चिता रचली आणि बहात्तर वर्षांच्या गांधीजींनी अग्नी दिला. मुलाने करायचं ते बापाने केलं.

संध्याकाळनंतर

एरवी दिवस संपला की महादेवभाई लिहायला बसायचे. त्या दिवशी सगळ्यात मोठी गोष्ट घडली होती आणि तो कोपरा रिकामा होता. पेन सुशीलाबेननी उचललं. आगाखान पॅलेसमधल्या कैदेची त्यांची रोजनिशी पुढे 'बापू की कारावास-कहानी' या नावाने हिंदीत आली. १५ ऑगस्टची ती सकाळ आपल्याला बारकाव्यांसह कळते ती त्यांच्यामुळे.

रोजनिशीचं हे असंच असतं. ती संकटाच्या जरा आधी थांबते. १९४२ च्याच जूनमध्ये अ‍ॅमस्टरडॅममधल्या अ‍ॅन फ्रँकला तेराव्या वाढदिवसाला एक वही मिळाली होती. तिची शेवटची नोंद १ ऑगस्ट १९४४ ची आणि पोलीस आले ४ तारखेला. जमिनीवर विखुरलेली पानं मीप खीस आणि बेप फॉस्काउल या ऑफिसातल्या दोघींनी गोळा केली, म्हणून आज जग ती वाचतं. लिहिणाऱ्याची शेवटची सकाळ नेहमी दुसऱ्यालाच लिहावी लागते. तो दुसरा वेळेवर हजर असेल तर.

त्यानंतर

देशाने ऑगस्टनंतर काय भोगलं याची साक्ष आमच्या खानदेशातही आहे. अटकेला बरोबर एक महिना झाला त्या दिवशी, ९ सप्टेंबर १९४२ ला, नंदुरबारच्या मिरवणुकीत शिरीषकुमार मेहता आणि त्याचे चार साथीदार गोळीला बळी पडले. हातात पेन धरायच्या वयाची पोरं.

आगाखान पॅलेसमध्ये गांधीजी चितेच्या जागी रोज फुलं वाहत राहिले. महादेवभाईंना ज्याची धास्ती होती तो उपास फेब्रुवारी १९४३ मध्ये आला, एकवीस दिवसांचा. गांधीजी त्यातून तरले. २२ फेब्रुवारी १९४४ ला, महाशिवरात्रीच्या संध्याकाळी, कस्तुरबा गेल्या. त्यांना महादेवच्या शेजारीच जागा मिळाली. ६ मे ला सुटका झाली तेव्हा गांधीजी त्या दोन जागांपाशी प्रार्थना करून मगच फाटकाबाहेर पडले.

नरहरी परीख यांनी मित्राच्या वह्या संपादित करायला घेतल्या. १९५५ मध्ये साहित्य अकादमीने पहिल्यांदा पुरस्कार दिले, त्यात गुजरातीचा पुरस्कार 'महादेवभाईनी डायरी'ला होता, लेखक जाऊन तेरा वर्षं झाल्यावर. अंत्यदर्शनही न मिळालेल्या नारायणभाईंनी पुढे वडिलांचं चरित्र लिहिलं, त्यालाही अकादमीचा पुरस्कार मिळाला.

१५ ऑगस्ट, अलीकडचं एक वर्ष

भुसावळला गाडी बदलून मी पुण्याला गेलो. नगर रोडवर ढोलताशे, स्कूटरवर तिरंगे, हातगाडीवर जिलेबी. पॅलेसमध्ये काचेपलीकडे गांधीजींची खोली, बैठक, लिहायचं छोटं मेज. शाळेची पोरं ओळीने पुढे सरकत होती. मागच्या बाजूला झाडांमधून गेलं की समाध्या. तिथे गर्दी कमी. एक बाई नातवाला कस्तुरबांची समाधी दाखवत होत्या.

"आणि ही कोणाची?" नातवाने विचारलं.

त्यांनी पाटी वाचली. "महादेवभाईंची. गांधीजींचे सेक्रेटरी होते."

"मग हे कधी वारले?"

बाईंनी पुन्हा वाकून तारीख पाहिली. "आजच," त्या म्हणाल्या आणि मग स्वतःच थोड्या गोंधळल्या.

सगळा देश ज्या तारखेला झेंडा लावतो ती तारीख पाच वर्षं आधी या माणसाची होती. वर्षाच्या बाकी कोणत्याही दिवशी गेले असते तर एखादा कोपरा त्यांना मिळाला असता. पण यात अन्याय झाला असं मला तिथे उभं राहून वाटलं नाही. जन्मभर दुसऱ्याची तारीख लिहिणाऱ्या माणसाची स्वतःची तारीख दुसऱ्या कशात तरी मिसळून गेली, इतकंच.

परतीच्या गाडीत आजोबांच्या वहीतल्या त्या कोऱ्या पानाची आठवण झाली. आजोबा गेले त्या दिवशी भाव काय होता, लाईट किती वाजता आली, घरात कुणालाच आठवत नाही. आम्ही सगळे तिथेच होतो. पेन कुणी उचललं नाही.

खिशात छोटी डायरी होती, ती काढली आणि स्टेशनांच्या वेळा लिहायला सुरुवात केली. दौंड. नगर, जिथल्या किल्ल्यात बाकीचे नेते ठेवले होते. मनमाड. चाळीसगाव. पाचोरा. जळगाव. भुसावळला गाडी बदलली, तीही वेळ लिहिली. मग सावदा, निंभोरा. दोन्ही बाजूंना केळी, पावसाने धुतलेली.

रावेर आलं तेव्हा मी दारात उभा होतो, एका हातात बॅग, दुसऱ्या हातात छत्री. वेळ लिहायची राहून गेली.